टकलू डोक्यांची परीक्षा

मंडळी, पुण्यात राहून हेल्मेटवर लिहायचं म्हणजे मोहोळात हात घालण्यासारखं आहे, हे मला पक्कं ठाऊक आहे. १ जानेवारी २०१९ पासून पोलिसांनी सक्ती जोरात राबवायला घेतली तेव्हा इथे विरोधी समिती निघाली, मोर्चे निघाले आणि आमच्या सोसायटीतले दोन काका महिनाभर एकमेकांशी बोलत नव्हते. तो वाद मला आज उकरायचा नाही. मी हेल्मेट घालते, आणि जे घालत नाहीत त्यांच्याबद्दलचं माझं मत नातेवाईकांना तोंडपाठ आहे. आजचा विषय हेल्मेटच्या आत काय असतं हा आहे.

आत डोकं असतं, हे कुणीही सांगेल. पण हेल्मेट पास की नापास हे ज्या डोक्यावर ठरवतात, ते डोकं कसं असतं ते माहीत आहे? ते धातूचं असतं. मॅग्नेशियमच्या किंवा अॅल्युमिनियमच्या मिश्रधातूचं, गुळगुळीत, केस नाहीत, आणि कातडीही नाही. पोटात मोजमाप करणारं छोटंसं यंत्र बसवलेलं. या टकलू डोक्यावर हेल्मेट चढवतात, ठरावीक उंचीवरून लोखंडी ऐरणीवर सोडतात आणि डोकं किती झपाट्याने थांबलं ते मोजतात. युरोपच्या जुन्या २२.०५ नियमात हा वेग सेकंदाला साडेसात मीटर होता, म्हणजे ताशी २७ किलोमीटर. साधारण पावणेतीन-तीन मीटरवरून वस्तू पडली तर जमिनीला टेकताना एवढा वेग येतो. (हायवेवरच्या वेगाशी याची तुलना करून घाबरू नका. रस्त्यावर पडताना डोकं जमिनीकडे ज्या वेगाने जातं तो बहुतेक वेळा एवढाच असतो, पुढे जाण्याचा वेग वेगळा.) डोक्याला बसणारा धक्का २७५ जीच्या वर गेला, की हेल्मेट नापास.

आता तुमच्या-माझ्या डोक्याकडे या. तेलाने चोळतो, कोंड्यासाठी खाजवतो, केस गळाले की आरशात बघून हळहळतो, त्यापलीकडे आपण टाळूच्या कातडीचा कधी विचार करत नाही. पण ही कातडी भलतीच हुशार चीज आहे. तिचे पाच थर असतात. वर त्वचा, तिच्याखाली रक्तवाहिन्यांनी गच्च भरलेला घट्ट थर, मग कपाळापासून मानेपर्यंत गेलेला एक चिवट पडदा, त्याखाली एक सैल, जाळीदार थर आणि तळाला कवटीला चिकटलेलं पातळ आवरण. सगळं मिळून जाडी असते जेमतेम पाच-सहा मिलिमीटर.

लहानपणी गोट्या खेळताना ज्याचं डोकं फुटलं असेल त्याला दुसऱ्या थराची ओळख आहे. खोक एवढीशी, पण रक्त भळाभळा! आई घाबरून हळद घेऊन धावायची. त्या थरातल्या रक्तवाहिन्यांना आजूबाजूचे तंतू धरून ठेवतात, त्यामुळे कापल्यावर त्या आक्रसून मिटत नाहीत, उघड्याच राहतात.

पण माझा आवडता थर चौथा, तो सैल जाळीदार. तळहात डोक्यावर दाबून पुढेमागे हलवून बघा. (बघितलंत ना? ऑफिसात असाल तर नंतर बघा.) अख्खी कातडी कवटीवरून सरकते. वरचे तीन थर एकत्र, एकाच चादरीसारखे, आणि सरकणं सगळं चौथ्या थरात. कपाळाला जोरात लागल्यावर दुसऱ्या दिवशी डोळे काळेनिळे होतात, ते याच थरातून रक्त खाली उतरतं म्हणून. मळणीयंत्रात वेणी अडकून बायकांची टाळू सोलून निघाल्याच्या भयंकर बातम्या आपण वाचतो, तिथेही चादर सुटते ती याच थरातून.

तर प्रश्न असा, की परीक्षेच्या डोक्याला ही चादर नाही, याने काही बिघडतं का?

मी मेकॅनिकलची. त्यामुळे पहिला विचार गादीचा आला. कातडी म्हणजे कवटीवरची गादी. ही गादी अगदी बिनकामाची नाही. डेट्रॉइटच्या वेन स्टेट विद्यापीठात गर्जियन आणि लिसनर या जोडीने गेल्या शतकाच्या मध्यात शवांच्या डोक्यांवर प्रयोग केले. नुसती कोरडी कवटी तडकायला जेवढी ऊर्जा लागते, त्याच्या दहापट आणि त्याहूनही जास्त ऊर्जा कातडीसकट डोकं फुटायला लागते, हे त्या काळच्या प्रयोगांतून पुढे आलं आणि न्यायवैद्यकाच्या पुस्तकांत जाऊन बसलं. सोसायटीतल्या एका काकांनी हे कुठेतरी वाचलं आणि "देवाने हेल्मेट दिलेलंच आहे, वर आणखी कशाला?" असा युक्तिवाद गणपतीच्या मांडवात केला. टाळ्याही मिळवल्या.

काकांसाठी हिशेब मांडते. वेगाचा वर्ग भागिले थांबायला मिळालेल्या अंतराची दुप्पट, दहावीचं गणित आहे. साडेसात मीटरच्या वेगाने आलेलं डोकं पाच मिलिमीटरात थांबवायचं, तेही कातडी पूर्ण चपटी होईपर्यंत एकसारखा जोर लावेल असं कातडीला झुकतं माप देऊन, तर धक्का येतो ५७० जीच्या घरात. प्रत्यक्षात मांसल कातडी आधी सहज दबते आणि मग दगडासारखी होते, म्हणजे शिखर आणखी वर. हेल्मेटमधलं थर्माकोल तेच डोकं दीडेक सेंटीमीटरात थांबवतं आणि धक्का दोनशेच्या आसपास आणून ठेवतं. ते थर्माकोल चिरडतं आणि चिरडलेलंच राहतं, उसळी मारून धक्का परत करत नाही. म्हणून एकदा आपटलेलं हेल्मेट टाकून द्यायचं असतं, वरून कितीही चकचकीत दिसलं तरी. अशा जाडजूड थराच्या आत पाच मिलिमीटरच्या कातडीची गादी म्हणून भर फारशी पडत नाही. तेव्हा सरळ आपटण्याची परीक्षा टकलू डोक्यावर घेतली तर माझी फारशी तक्रार नाही.

माझी तक्रार तिरप्या आपटण्याची आहे. आणि रस्त्यावर सरळ, काटकोनात आपटतं कोण?

इथे थोडं मागे जावं लागतं. १३ मे १९३५ ला 'लॉरेन्स ऑफ अरेबिया' म्हणून गाजलेले टी. ई. लॉरेन्स इंग्लंडमध्ये डॉर्सेटच्या एका रस्त्यावर, सायकलवरच्या दोन मुलांना चुकवताना आपल्या ब्रफ सुपीरियर मोटारसायकलवरून फेकले गेले. डोक्यावर काही नव्हतं. सहा दिवस बेशुद्ध राहून ते गेले. त्यांच्यावर उपचार करणाऱ्यांत ह्यू केर्न्स नावाचे मेंदूचे शल्यविशारद होते. हा मृत्यू त्यांच्या मनातून गेला नाही. त्यांनी मोटारसायकलस्वारांच्या डोक्याच्या दुखापतींचा अभ्यास हाती घेतला आणि १९४१ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये हेल्मेटचं महत्त्व मांडलं. त्याच वर्षी अखेरीस ब्रिटिश लष्कराने आपल्या मोटारसायकलस्वारांना हेल्मेट बंधनकारक केलं. ही गोष्ट बरेच ठिकाणी सांगितली जाते, सांगावी अशीच आहे. पण केर्न्सच्या शेजारी ऑक्सफर्डमध्ये होलबर्न नावाचा एक भौतिकशास्त्रज्ञ बसलेला होता, त्याचं नाव सहसा कुणी घेत नाही.

होलबर्नने मेणाच्या कवटीत जिलेटिन भरलं आणि ती कवटी गरकन फिरवून जिलेटिनचं काय होतं ते पाहिलं. १९४३ मध्ये लॅन्सेटमध्ये त्याने म्हटलं ते असं, की मेंदू पाण्यासारखा आहे, दाबून त्याचं आकारमान जवळजवळ कमी होत नाही. पण आकार बदलायला तो अगदी मऊ. डोकं सरळ रेषेत थांबलं तर आतला मेंदू कवटीबरोबर बऱ्यापैकी एकजीव थांबतो. डोकं गरकन फिरलं तर कवटी पुढे जाते, मेंदू मागे राहतो, आणि आतले तंतू पिळले जातात. ताटात दह्याची कवडी ठेवून ताटाला हिसका द्या, म्हणजे कळेल.

हे १९४३ मध्ये माहीत होतं. तरी पुढची कितीतरी दशकं हेल्मेटच्या परीक्षेत मोजलं गेलं ते सरळ रेषेतलं थांबणं. कारण वेन स्टेटच्या प्रयोगांतून आलेली १९६० च्या सुमाराची ती प्रसिद्ध वक्ररेषा. किती धक्का किती वेळ चालेल, हे सांगणारी. डोक्याला इजा होण्याचा जो एचआयसी नावाचा निर्देशांक आजही वापरतात त्याची मुळं या रेषेत आहेत. आणि ती रेषा निघाली शवांची डोकी कपाळावर, कठीण सपाट पृष्ठभागावर आपटून, कवटीला तडा गेला की नाही ते बघून. गंमत बघा, त्या डोक्यांना कातडी होती! मर्यादा ठरली कातडीवाल्या डोक्यांवर, आणि परीक्षा द्यायला बसली बिनकातडीची डोकी.

हे सगळं मी एवढं का वाचत बसले, तर आमच्या चिन्मयमुळे. नातेवाईकांना माहीतच आहे, इतरांसाठी सांगते. दीड वर्षापूर्वी पावसात त्याची गाडी घसरली. वेग काही नव्हता. हेल्मेट होतं, पट्टा लावलेला होता, डोकं तिरपं रस्त्यावर टेकलं आणि घसटत गेलं. टाळूवर ओरखडा नाही, साधं टेंगूळसुद्धा नाही. स्कॅन स्वच्छ. आम्ही सगळ्यांनी देवापुढे साखर ठेवली. पण पोरगं पुढचे दोन महिने पुस्तकाचं एक पान सलग वाचू शकत नव्हतं. उजेड नको, आवाज नको, आणि सगळ्यात वाईट म्हणजे तोच प्रश्न अर्ध्या तासाने परत. "काकू, माझी गाडी कुठे आहे?" डॉक्टरांनी मूठ हवेत गरकन फिरवून दाखवली आणि म्हणाले, वरून काही नाही, आत पिळवटलंय, वेळ द्या. वेळ दिला, आता तो ठीक आहे, परीक्षाही दिली. हेल्मेट नसतं तर आज हे लिहायला मी बसले नसते, याबद्दल माझ्या मनात तीळभर शंका नाही. पण हेल्मेटने कवटी वाचवली तशी ती पिळवणूक आणखी थोडी कमी केली असती का, हा प्रश्न मला सोडत नाही.

आणि इथेच तो सैल चौथा थर परत येतो.

हेल्मेट तिरपं रस्त्याला लागलं की रस्ता त्याला फिरवू बघतो. हेल्मेटने डोक्याला किती फिरवायचं हे ठरतं दोघांमधल्या पकडीवर. पकड घट्ट तर हेल्मेट आणि डोकं एकत्र गिरकी घेतात. मध्ये थोडं सरकलं, अगदी सेंटीमीटर-दीड सेंटीमीटर, तरी गिरकीचा पहिला, सर्वात वाईट झटका थोडा उतरतो. निसर्गाने ही सरकती चादर आपल्याला दिलेलीच आहे. स्टॉकहोममध्ये हान्स फॉन होल्स्ट हे मेंदूचे शल्यविशारद आणि पेटर हाल्डिन हे अभियंते, यांनी १९९६ च्या सुमारास हीच युक्ती हेल्मेटमध्ये आणायला घेतली. आत एक पातळ थर, जो दहा-पंधरा मिलिमीटर सरकतो. तेच ते पिवळ्या ठिपक्याचं 'मिप्स'. इंग्लंडच्या डॉ. केन फिलिप्स यांनी उलटं केलं, सरकती कातडी हेल्मेटच्या बाहेरून चढवली, अगदी माणसाच्या टाळूची नक्कल म्हणून. मला ही दुसरी कल्पना जास्त काव्यात्म वाटते, पण बाजारात पहिली जिंकली.

आता खरी मेख. सरकता थर कामाचा आहे की नाही, हे मोजणार कशावर? नुसत्या धातूच्या गुळगुळीत डोक्यावर हेल्मेट आपलं आपणच घसरतं, मग महागडा थर असला काय नि नसला काय. गाड्यांच्या टक्कर-चाचणीतल्या डमीचं डोकं घ्या. त्याला रबरासारखी विनाइलची कातडी असते. ती हेल्मेटच्या अस्तराला माणसाच्या टाळूपेक्षा कितीतरी घट्ट धरते आणि खालच्या धातूवरून सरकतही नाही. तिथे सरकता थर चमत्कार करताना दिसतो. खरं डोकं या दोघांच्या मध्ये कुठेतरी, वर केस, खाली सरकती चादर. डब्लिनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजातल्या संशोधकांनी गेल्या काही वर्षांत टाळूच्या कातडीवर बरंच काम केलं आहे. त्यांचं सांगणं असं, की ही कातडी धरली तर तिरप्या टकरीचे आकडे बदलतात, तिला वगळून चालणार नाही.

म्हणजे डोक्याला कोणती कातडी चढवायची हे ज्याच्या हातात, त्याच्या हातात निकाल. आणि निकालावर हजार-दोन हजार रुपये किंमत वाढते. ही तांत्रिक बारीकसारीक गोष्ट आहे असं कुणी म्हटलं की मला राग येतो. तांदळाचं माप खोटं असेल तर आपण भांडतो ना?

दुसरी बाजूही आहे, आणि ती पोकळ नाही. प्रयोगशाळेतले लोक म्हणतात, धातूचं डोकं आज आपटा, दहा वर्षांनी आपटा, आकडा तोच. चेन्नईत आपटा, मिलानमध्ये आपटा, आकडा तोच. त्याला कातडी लावली की ती झिजणार, उन्हाळ्यात मऊ, हिवाळ्यात कडक, पन्नास आपटींनंतर फाटणार. माणसासारखं डोकं केलं तर ते माणसासारखंच लहरी होणार. दोन कंपन्यांच्या हेल्मेटना वेगळे गुण मिळाले तर तो फरक हेल्मेटचा की कातडीच्या वयाचा? नियम लिहिणाऱ्याला ही भीती असणं मी समजू शकते. कारखान्यात माझीही निम्मी कारकीर्द मापं जुळवण्यातच गेली.

तरीही मला वाटतं की चुकीची गोष्ट अचूक मोजण्यापेक्षा बरोबर गोष्ट थोड्या फरकाने मोजलेली बरी. आणि खऱ्या कातडीचा हट्ट धरायची गरजही नाही. माणसाच्या टाळूइतकीच पकड देणारं, आणि खऱ्या डोक्याइतकंच फिरायला जड असणारं कृत्रिम डोकं घडवता येतं, युरोपात त्या दिशेने काम पुढे गेलेलं आहे. २०२० नंतर आलेल्या २२.०६ नियमात तिरपी परीक्षाही आली. ४५ अंशात कललेली ऐरण, तिच्यावर खरखरीत पॉलिशपेपर, सेकंदाला आठ मीटर वेग, आणि डोकं किती झटक्यात फिरलं याला मर्यादा. होलबर्नच्या जिलेटिननंतर सुमारे ७७ वर्षांनी!

आपल्याकडे १ जून २०२१ पासून दुचाकीचं हेल्मेट आयएसआय शिक्क्याशिवाय बनवता-विकता येत नाही. हे फार चांगलं झालं. फूटपाथवरच्या प्लॅस्टिकच्या टोपल्यांना कायद्याने तरी जागा उरली नाही. पण जगातल्या सर्वात जास्त दुचाकी चालवणाऱ्या देशांपैकी आपण एक. तेव्हा डोकं कसं फिरतं हे मोजण्याचा आग्रह आपल्याकडून व्हायला हवा, आणि ते मोजताना वापरायचं डोकं आपल्या लोकांच्या डोक्यासारखं हवं. खोबरेल तेल चोपडलेलं, खाली सुती रुमाल बांधलेलं, मागे अंबाडा असलेलं. हसू नका. रुमालाने पकड बदलते, अंबाड्याने हेल्मेट पुढे झुकतं, तेलाने अस्तर दोन वर्षांत गुळगुळीत होतं. स्वीडनच्या पोरांच्या डोक्यावर यातलं काही नसतं.

आता कृपा करून कुणी असं म्हणू नका, की "बघा, परीक्षाच अर्धवट आहे, मग घालायचं कशाला?" २००८ च्या कॉक्रेन आढाव्यात, जगभरचे अभ्यास एकत्र करून, हेल्मेटमुळे मोटारसायकलस्वाराचा मृत्यूचा धोका ४२ टक्क्यांनी आणि डोक्याच्या दुखापतीचा ६९ टक्क्यांनी कमी होतो असं निघालं.  आपल्या सरकारच्या अहवालाप्रमाणे २०२२ या एका वर्षात रस्त्यावर गेलेल्या १,६८,४९१ जणांपैकी ५०,०२९ जणांनी हेल्मेट घातलेलं नव्हतं. त्यातले १४,३३७ मागे बसलेले. मागे बसणाऱ्या सगळ्या काकवा, मावश्या आणि वहिन्यांनी हा शेवटचा आकडा परत वाचावा. केस विस्कटतात, मान्य आहे.

गेल्या महिन्यात चिन्मयला नवीन घ्यायला आम्ही लक्ष्मी रोडकडे गेलो. मी त्याला पट्टा लावायला सांगितलं, दोन्ही हातांनी हेल्मेट धरून डावी-उजवीकडे हळूच फिरवलं आणि कपाळाची कातडी बरोबर फिरते का ते बघितलं. फिटिंग बघायची ही जुनी, फुकटची रीत आहे. कातडी बरोबर हलली तर माप बरोबर, हेल्मेट एकटंच फिरलं तर मोठं. दुकानदार म्हणाला, "मॅडम, रंग नाही बघणार?" चिन्मयने काळा बघितला, मी परत फिरवून बघितलं. तिसऱ्याला कपाळावर आठ्या हलल्या, तो घेतला. अठराशे रुपये, घासाघीस करून सतराशे.